कै. सावित्रीबाई फुले व बालहत्याप्रतिबंधक गृह

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें यावयाचीं, हा शिरस्ताच आहे. तेथें कै. सावित्रीबाई फुले यांचें चरित्र कां, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पतीबरोबर त्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायी होत्या व अखेरपर्यंत तशाच राहिल्या. त्यांस शिक्षिकेचे धडे देणाऱ्या बाया ख्रिस्ती होत्या खऱ्या, परंतु त्या प्रॉटेस्टंट मिशनांतील. आमच्या ख्रिस्तसभेचा त्यांत कांहीं वांटा नाहीं. हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याईवर आपला हक्क सांगितल्याचा दोष आम्हांवर येणार नाहीं.

तरीहि आम्हीं हें चरित्र निवडलें, त्यास कारण आहे. उदरांतील बालकाच्या जीविताचा प्रश्न आज सर्व जगांत वादाचा झाला आहे. त्याविषयीं आम्ही कॅथोलिक लोक पुष्कळ बोलतों. प्रार्थना करतों, प्रवचनें ऐकतों, क्वचित् पत्रकें वांटतों. ह्या महाराष्ट्रांत त्या बालकाची नाळ स्वतःच्या हातानें कापणारी आणि त्याच्या मातेस, तूं कोण आणि हें कसें झालें असें न विचारतां अंथरूण घालून देणारी बाई ज्या काळीं होऊन गेली, त्या काळीं असल्या स्त्रीस दारांत उभी करणें हेंहि घराला कलंक लावणारें समजत असत. तशाच प्रकारचें दुसरें गृह पुढें आपल्याच सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपुरास, निघालें. तेव्हां हें चरित्र आम्हांस परकें नाहीं.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. वडील खंडोजी नेवसे हे गांवचे पाटील. नवव्या वर्षीं, म्हणजे १८४० सालीं, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशीं त्यांचें लग्न झालें. जोतीराव तेव्हां तेरा वर्षांचे होते. लहानपणीं शिरवळच्या बाजारांत एका मिशनऱ्यानें त्यांच्या हातांत एक पुस्तक दिलें, तें वाचतां येत नसतांहि त्यांनीं जपून ठेविलें आणि सासरीं येतांना बरोबर आणिलें, असें चरित्रकार सांगतात. लिहिणें-वाचणें त्यांस जोतीरावांनींच शिकविलें. नंतर अहमदनगरास मिस फॅरर व पुण्यास मिसेस मिचेल ह्यांच्याकडे त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें. १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिच्या शिक्षिका झाल्या. रस्त्यानें जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत, म्हणून त्या एक जास्तीचें लुगडें बरोबर नेत, ही हकीकत महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. १८४९ सालीं ह्या कामामुळेंच पतिपत्नींस वडिलांचें घर सोडावें लागलें. १८५२ च्या नोव्हेंबर महिन्यांत विश्रामबागवाड्यांत सरकारतर्फें त्यांचा सत्कार झाला, आणि १८५४ सालीं त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. शाळांच्या कार्याविषयीं इतरत्र विपुल लिहिलें गेलें आहे; त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आमचा विषय त्यानंतरचा आहे.

त्या काळच्या उच्चवर्णीय हिंदु समाजांत मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होई, व पुष्कळदां वर वयानें बराच मोठा असे. पटकी, देवी, ताप ह्यांचें थैमान दरवर्षीं चालूच. त्यामुळें बारा-तेरा वर्षांच्या मुली विधवा होणें ही नित्याची गोष्ट होती. १८५६ च्या कायद्यानें पुनर्विवाहास मुभा दिली. पण कायद्याच्या पुस्तकांतील मुभा स्वयंपाकघरापर्यंत पोंचावयास फार दिवस लागतात. विधवेचें केशवपन करावयाचें, तिला एक वेळ जेवूं घालावयाचें, आणि घरांतील सर्व कष्टाचीं कामें तिच्यावर सोंपवावयाचीं, अशी रीत होती. अशा निराधार स्त्रीस घरांतलाच दीर, चुलत सासरा, किंवा येणारा-जाणारा कोणी शास्त्री भुलवी अथवा सरळ बळजबरी करी. दिवस गेले म्हणजे पुरुष नामानिराळा राही. तिच्यापुढें मग तीनच वाटा उरत. कोणा सुईणीकडून किंवा वैदूकडून जहाल औषध आणवून गर्भ पाडावयाचा. तें न साधलें तर मूल जन्मतांच त्याचा जीव घ्यावयाचा. आणि तेंहि न साधलें तर विहीर जवळ करावयाची. यात्रेच्या निमित्तानें एखाद्या क्षेत्रीं नेऊन, तेथेंच सगळें उरकून, घरीं परत आणण्याचाहि प्रघात होता. आपलें पंढरपूर त्यास अपवाद नव्हतें.

पुण्यास जोतीरावांचे एक जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे राहत. त्यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. ती चांगल्या वळणाची व अब्रूनें राहणारी होती, अशी ग्वाही जोतीरावांनींच पुढें दिली. एका धूर्त शास्त्रीबोवांनीं तिला फसविलें. गर्भ पाडण्याचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि काशीबाई एका सुंदर मुलास प्रसवली. लोकांस तोंड दाखविण्याचें धैर्य तिच्यांत नव्हतें. तिनें सुरीनें त्या मुलाचा जीव घेतला आणि तें प्रेत गोवंड्यांच्या घरामागील विहिरींत टाकलें. दोन दिवसांनीं प्रकरण उघडकीस आलें. सेशन कोर्टांत खटला चालला आणि काशीबाईस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबोवांचें काय झालें, ह्याविषयीं कागदपत्रांत एक ओळ नाहीं.

हा खटला १८६३ च्या सुमाराचा. त्यावर पुणें शहरांत चर्चा झाली असेल, हळहळ झाली असेल. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मात्र खटला संपतांच आपल्या राहत्या घराच्या आवारांत एक प्रसूतिगृह उघडलें व त्यास बालहत्याप्रतिबंधक गृह असें नांव दिलें. एतद्देशीय गृहस्थांनीं काढलेलें अशा प्रकारचें हें पहिलेंच गृह, अशी त्याची ख्याति आहे. त्याच्या जाहिराती छापून भिंतींवर चिकटविण्यांत आल्या. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षितपणें बाळंत व्हावें. मूल बरोबर न्यावें किंवा येथेंच ठेवावें, ही त्यांची मर्जी. ठेवलेल्या मुलाचा सांभाळ गृह करील, असा त्यांतील आशय होता. हें गृह मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीं होतें. माळ्याच्या घरांतील पाणी ज्या जातीच्या लोकांस चालत नसे, त्यांच्याच लेकी रात्रीच्या अंधारांत त्या माळ्याच्या घरीं बाळंत होऊं लागल्या. जोतीराव बाहेरचें पाहत. आंतलें सर्व सावित्रीबाईंकडे होतें. बाळंतिणीस शेक-शेगडी, मुलास न्हाऊं-माखूं घालणें, मातेनें मागें ठेवून दिलेल्या अर्भकास दूध पाजून जगविणें, रात्रीबेरात्रीं दार वाजलें तर उठणें, हें काम किती कठीण असतें तें बाळंतिणीची खोली ज्यांनीं सांभाळली आहे त्या आमच्या भगिनींस सांगावयास नको. त्यांत सावित्रीबाईंस स्वतःचें मूल नव्हतें.

ह्या गृहाचा एक हिशेब उपलब्ध आहे, आणि आमच्या मतें ह्या सबंध चरित्रांत त्याहून महत्त्वाचा दुसरा कागद नाहीं. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें प्रसिद्ध केलीं आणि सरकारनें त्यांवर निरनिराळ्या गृहस्थांचीं मतें मागविलीं. ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या मतपत्रिकेंत जोतीरावांनीं काशीबाईची हकीकत सांगून पुढें हिशेब दिला. गृह निघाल्यापासून तोंवर ३५ गरोदर विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ हयात होतीं. ३० दगावलीं होतीं. दगावण्याचें कारणहि त्यांनीं लिहिलें: गर्भ लपविण्याच्या हेतूनें मातांनीं जीं विषारी औषधें घेतलीं असलीं पाहिजेत, त्यांची इजा त्या मुलांस उदरांतच झाली होती.

कांहीं अलीकडील लेखांतून व भाषणांतून ह्या गृहाचे याहून पुष्कळ मोठे आंकडे दिले जातात. आम्हीं जोतीरावांचाच आंकडा धरला आहे. थोर माणसांचें कार्य फुगवून सांगितल्यानें मोठें होत नाहीं. शिवाय हा आंकडा लहान असला तरी त्यांत जेवढें सांगितलें आहे तेवढें मोठ्या आंकड्यांत कधींच मावलें नसतें. वीस-एकवीस वर्षांत पस्तीस स्त्रिया, म्हणजे वर्षाला दोनहि नाहींत. दार उघडें असून इतक्याच आल्या. बाकीच्या कोठें गेल्या असतील, तें पुण्याच्या विहिरींस ठाऊक. ज्या आल्या त्याहि पहिली वाट धरून पाहिल्यावरच आल्या. औषध लागू पडलें नाहीं, महिने भरत आले, आणि मग फुल्यांचें दार आठवलें. त्या काळीं अर्भकमृत्यूचें प्रमाण चांगल्या खात्यापित्या घरांतहि मोठें होतें; तेव्हां सर्वच तीस मुलें औषधानें गेलीं, असें आजचा वैद्य कदाचित् म्हणणार नाहीं. तथापि मुद्दा तो नव्हे. सावित्रीबाईंच्या हातीं येणारें बहुतेक मूल आधींच मरणाच्या दारीं टेकलेलें असे, आणि त्याला तेथें आणून पोंचविणारी त्याची आईच असे. सावित्रीबाईंनीं त्या आईची शुश्रूषा केली. वीस वर्षांत तीस मुलें डोळ्यांदेखत गेलीं असतां गृहाचें दार लावून घ्यावें असें त्यांस वाटलें नाहीं, ह्याचें आम्हांस अधिक नवल वाटतें.

अशा स्त्रियांस आसरा देणें म्हणजे पापास उत्तेजन देणें नव्हे काय, असा आक्षेप असल्या गृहांवर सर्व देशांत व सर्व काळांत घेण्यांत आला आहे. ख्रिस्ती देशहि त्यास अपवाद नाहींत. रोम शहरांत टायबर नदीच्या कोळ्यांच्या जाळ्यांत माशांऐवजीं टाकून दिलेलीं अर्भकें येऊं लागलीं, तें ऐकून पोप तिसरे इनोसंट यांनीं १२ व्या शतकाच्या अखेरीस सांतो स्पिरितो इस्पितळांत अशा मुलांची सोय केली, अशी आख्यायिका आहे. त्या इस्पितळाच्या भिंतींत एक फिरतें चक्र बसविलेलें असे. आईनें बाहेरून मूल ठेवावें, चक्र फिरवावें, आणि आंतल्या बाईनें तें उचलून घ्यावें. तोंड कोणी कोणाचें पाहावयाचें नाहीं. पॅरिस येथें संत विन्सेंट द पॉल यांनीं संत लुईज द मारिलाक यांच्या साहाय्यानें १६३८ सालीं टाकलेल्या मुलांच्या संगोपनाचें काम हातीं घेतलें. पुढें खर्चाचा बोजा वाढून त्यांना मदत करणाऱ्या श्रीमंत स्त्रिया हातपाय गाळूं लागल्या, तेव्हां त्यांनीं त्यांस कळवळून विनविलें व तें काम बंद पडूं दिलें नाहीं. सावित्रीबाईंनीं हीं नांवें ऐकलीं होतीं किंवा नाहीं, हें सांगण्यास आधार नाहीं. पण पुण्याच्या गंज पेठेंतील त्या घराचें नातें आम्हांस त्या चक्राशीं दिसतें.

गृह निघाल्यावर बारा वर्षांनीं, १८७५ सालीं, पंढरपूर येथें न्यायखात्यांत असलेले लालशंकर उमियाशंकर ह्या गुजराथी गृहस्थांच्या पुढाकारानें तेथेंहि एक बालहत्याप्रतिबंधक गृह निघालें. प्रार्थनासमाजानें तें चालविलें. पुढें तेथील अनाथाश्रम नवरंगे बालकाश्रम ह्या नांवानें सर्वत्र प्रसिद्ध झाला. १८७६-७७ चा दुष्काळ सोलापूर प्रांतीं किती भयंकर होता तें जुन्या घराण्यांतून आजवर सांगत आले आहेत. त्या काळीं अनाथ पोरांस आसरा देणारी ही जागा देवळाच्याच गांवीं होती, हें विशेष. क्षेत्राच्या ठिकाणीं जी लाज लपविली जाई, तेथेंच त्या लाजेस छप्पर मिळालें. त्याच दुष्काळांत सावित्रीबाई जोतीरावांसह जुन्नर-ओतूरकडे व पुण्याच्या आसपास भुकेल्या मुलांना जेवूं घालण्याच्या कामांत गुंतल्या होत्या.

ह्या गृहांनीं प्रश्न सुटला, असें मात्र कोणी समजूं नये. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःचें अर्भक मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती कमी करण्यांत आली. वर्तमानपत्रांनीं त्या निमित्तानें सर्व स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें, आणि त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं आपला स्त्रीपुरुषतुलना हा निबंध प्रसिद्ध केला. ताराबाईंवर टीकेची झोड उठली, तेव्हां त्यांची बाजू घेणारे एक जोतीरावच होते.

येथें आम्ही थोडें विषयांतर करतों. वाचक क्षमा करतील. सावित्रीबाईंच्या काळीं मुलाचा अपराध एवढाच कीं त्याच्या बापाचें नांव सांगण्यासारखें नसे. आमच्या काळीं अपराध निराळे आहेत. गर्भजलपरीक्षा व सोनोग्राफी आल्यावर पोटांतील मूल मुलगा कीं मुलगी हें कळूं लागलें, आणि मुलगी असल्यास तिला जन्म नाकारण्याचा धंदा आमच्या महाराष्ट्रांत राजरोस चालूं झाला. त्यावर देशांतील पहिला कायदा १८ नव्हे, विसाव्या शतकांत, १९८८ सालीं, महाराष्ट्रानेंच केला. १९९४ सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. तरी शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ झाल्या. हे आंकडे दरिद्री विधवांचे नव्हत. सोनोग्राफीचे पैसे मोजूं शकणाऱ्या घरांचे आहेत.

दुसरा अपराध त्याहून नाजूक. आतां मातेच्या रक्ताच्या तपासणीवरून मुलास कांहीं जन्मजात व्यंग असण्याचा संभव किती, हें सांगतां येतें. एका गुणसूत्राच्या आधिक्यानें जो डाउन सिंड्रोम होतो, त्याचें कारण १९५९ सालीं फ्रान्समध्यें डॉक्टर जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए व त्यांचे वरिष्ठ रेमों त्युर्पें यांनीं प्रसिद्ध केलें. लेज्यून हे निष्ठावंत कॅथोलिक. ज्या मुलांना बरें करावें म्हणून त्यांनीं हा शोध लावला, त्याच मुलांना जन्मापूर्वीं हुडकून काढण्यास तो उपयोगी पडूं लागला, ह्याचें दुःख त्यांनीं १९९४ सालीं मरेपर्यंत वाहिलें व त्याविरुद्ध बोलून आपल्या व्यवसायांतील मानमरातब घालविला. आमच्या देशांत १९७१ च्या कायद्यानें गर्भपातास ठराविक कारणांसाठीं परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं स्त्रियांसाठीं मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि गर्भांत गंभीर व्यंग आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीनें त्यापुढेंहि मार्ग मोकळा झाला. ख्रिस्तसभेची शिकवण ह्याविरुद्ध आहे हें येथें सर्वांस ठाऊक आहे, आणि ती शिकवण आम्ही मानतों.

पण सावित्रीबाईंचें चरित्र वाचतांना आम्हांस आमच्याच अंगणांतील कांहीं गोष्टी आठवतात. आमच्या माहितीच्या एका घरीं तपासणीचा अहवाल आला तेव्हां त्या सुनेस भेटावयास पुष्कळ मंडळी गेली. पाप कशांत आहे हें तिला सर्वांनीं सांगितलें. मूल व्यंग घेऊन जन्मलें तर आठवड्यांतून एक दिवस त्याला कोण सांभाळील, तें कोणी सांगितलें नाहीं. लग्नापूर्वीं दिवस गेलेल्या मुलीकडे मिस्साच्या वेळीं मागच्या बांकावरून कशा नजरा वळतात, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. आणि त्या नजरांच्या भयानें मुली कोठें जातात हें न समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ च्या नोव्हेंबरांत सर्व धर्मगुरूंस गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला. त्या पापाचें गांभीर्य त्यांनीं कमी केलें नाहीं. दार मात्र मोठें केलें. काशीबाईस दार मिळालें असतें तर विहिरींत टाकलेलें तें मूल वांचलें असतें, हें पुण्याच्या त्या माळी जोडप्यानें कोणत्याहि विश्वपत्रावांचून ओळखलें होतें. असो. चरित्राकडे वळतों.

१८७४ सालीं गृहांत एक ब्राह्मण विधवा बाळंत झाली. ती नदीवर जीव देण्यास निघाली असतां जोतीरावांनीं तिला परत फिरवून घरीं आणिलें, असें सांगतात. हिचेंहि नांव कित्येक चरित्रकार काशीबाई असेंच देतात, त्यामुळें गोवंड्यांकडील काशीबाई व ही एकच, असा घोटाळा पुष्कळ ठिकाणीं झालेला दिसतो. पहिली काळ्या पाण्यावर गेली; हिचा मुलगा जगला. सावित्रीबाईंनीं त्याला आपला म्हणून घेतला व त्याचें नांव यशवंत ठेविलें. भाऊबंदांस हें रुचलें नाहीं. ब्राह्मण विधवेच्या पोटीं, कोणा अज्ञात पुरुषापासून झालेला मुलगा फुल्यांच्या घराचा वारस होणार, ही गोष्ट ब्राह्मणांस जितकी डांचली तितकीच माळ्यांसहि डांचली. जोतीरावांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र करून यशवंताचा हक्क लेखी नोंदविला. यशवंत वैद्यकीय शिकून डॉक्टर झाला. त्याला मुलगी देण्यास जातींतील कोणी सहजासहजीं तयार होईना. अखेर ज्ञानोबा ससाणे ह्या सत्यशोधक स्नेह्यांनीं आपली मुलगी दिली. लग्नाआधीं मुलीनें घरीं येऊन राहावें, मुलाची व तिची ओळख व्हावी, असा सावित्रीबाईंचा आग्रह होता, असें म्हणतात. ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं सत्यशोधक पद्धतीनें विवाह झाला.

पुढच्याच वर्षीं, २८ नोव्हेंबर १८९० रोजीं, जोतीराव वारले. अंत्ययात्रेच्या वेळीं प्रेतापुढें टिटवें धरण्याचा मान वारसाचा. भाऊबंदांनीं हरकत घेतली कीं दत्तक मुलास, तोहि असल्या, हा अधिकार नाहीं. दारांत प्रेत, आणि अंगणांत तंटा. सावित्रीबाई पुढें झाल्या, टिटवें स्वतः उचललें आणि प्रेतापुढें चालूं लागल्या. विधवेनें घराबाहेर तोंड दाखवूं नये असा ज्या समाजाचा दंडक, त्याच्या देखत एकोणसाठ वर्षांच्या त्या विधवेनें पतीस शेवटपर्यंत पोंचविलें. ज्या मुलाला जगांत येण्याचाच अधिकार नव्हता, त्याचा हक्क नाकारला जातो असें दिसतांच त्यांनीं भांडण केलें नाहीं. ती जागाच आपण घेतली.

त्यानंतर सत्यशोधक समाजाचा भार त्यांच्यावर आला. १८९३ सालीं सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९६ च्या अखेरीस मुंबईचा प्लेग पुण्यांत शिरला. यशवंताच्या साहाय्यानें त्यांनीं शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस, ससाण्यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. वय ६६. रोग्यांस शोधून आणण्याचें काम त्या स्वतः करीत. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेर महारवाड्यांत पांडुरंग बाबाजी गायकवाड नांवाच्या मुलास गांठ आल्याचें कळलें. त्याला उचलावयास कोणी धजेना. सावित्रीबाईंनीं त्याला पाठीवर घेतलें आणि मुंढव्याहून दवाखान्यापर्यंत चालत आणिलें. त्याच स्पर्शानें त्यांस प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. तो मुलगा मात्र वांचला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.